देवाची वहने आणि सोन्याचा वर्ख

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की गाभारा, शिखर आणि सभामंडप यांचा हिशेब प्रथम मांडला जातो. पालखी, मखर, देव्हारा, वहने हे लाकडी सामान बाजूच्या खोलीत पडून असते; आणि काम संपत आले की उरलेल्या तैलरंगाचा एक हात त्यावरही फिरवला जातो. जुन्या कारागिरीचा घात बहुधा या शेवटच्या हातानेच होतो.

खानदेशात हे सामान थोडेथोडके नाही. जळगावी संत अप्पा महाराजांनी १८७२ साली श्रीरामाचा रथोत्सव सुरू केला. कार्तिक शुद्ध एकादशीला रथ निघतो. तत्पूर्वीच्या रात्री वहने निघतात, कधी घोडा, कधी सिंह, कधी गरुड. पारोळे, धुळे, शिरपूर येथे बालाजीचे रथ आहेत. लाकडाची वाण या मुलखाला नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याचे तळोदे (१९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात) इंग्रजी अमदानीत खानदेशातील लाकडाचा मोठा बाजार होता, आणि तेथल्या बैलगाड्यांचीही ख्याती होती. गाड्या घडवणाऱ्या हातांना रथाचे चाक अवघड वाटले नसावे.

रंगवलेल्या लाकडावर झळाळी आणायची ती वर्खाने. मुलामा वेगळा, तो तांब्या-पितळेवर चढतो. वर्ख म्हणजे सोने कुटून कुटून इतके पातळ केलेले, की दहा हजार पानांची चळत जेमतेम एक मिलिमीटर भरावी. सोने परवडत नसे तेथे चांदीचा वर्ख लावून वर पिवळसर रोगण चढवीत. त्याहून स्वस्त बेगड, म्हणजे कथलाचा पातळ पत्रा. ताबूत, मखरे, बाशिंगे यांची शोभा तिच्यावरच. भाषेने 'बेगडी' हा शब्द खोट्याला लावला, हा त्या बिचाऱ्या कथलावर अन्यायच होय. ते चांदीसारखे काळे तरी पडत नाही.

मराठी राजवटीत हे काम सर्वांत वैभवाला चढले ते दूर तंजावरास. व्यंकोजीराजांच्या वंशातील दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांच्या काळात तेथील चित्रकला बहरली. फणसाच्या फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूची पूड व चिंचोक्याची खळ यांचा लेप देत. दागिने आणि महिरप लेपानेच उठावदार करून त्यावर सोन्याचा वर्ख बसवीत. आधी रंगवलेल्या लाकडावर मात्र तेलाची रीत सोयीची. अळशीच्या तेलाचे रोगण हवे त्या रेषेपुरतेच लावायचे, आणि ते बोटाला ओढ देईल पण बोटावर येणार नाही अशा बेताला आले की वर्ख ठेवायचा. घाई केली तर वर्ख बुडतो, उशीर झाला तर धरत नाही.

सगळे वहन सोन्याने मढवले तर दिवट्यांच्या उजेडात त्याचा आकारच हरवेल. मुकुटाची कड, गळ्यातला कंठा, आयाळीच्या चार रेषा, एवढेच चमकले की लाल-हिरव्या रंगातून सिंह पुढे येतो.

डब्यातल्या 'सोनेरी' रंगात सोने नसते. तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूची भुकटी असते. हवा आणि ओल लागून ती मळकट तपकिरी, पुढे हिरवट होते. त्यापूर्वी काचकागदाने घासले असेल तर जुना वर्ख कायमचा गेला. तो एका घासणीचाही धनी नसतो. ओले फडकेही घातकच, कारण खळीचा लेप पाण्याने सुटतो. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी, उचललेली पोपडी जागच्या जागी राहू द्यावी आणि जाणत्या कारागिराला दाखवावी. वर्ख गेला असेल तेवढ्याच जागी नवा लावता येतो. खर्चाचे म्हणाल, तर गुंजभर सोन्याचा वर्ख सुमारे सहाशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या वहीच्या पानाएवढी जागा झाकतो. मुकुटाच्या कडेला त्याहून कमीच लागते.