स्मोक डिटेक्टर, घरगुती

घरात धूर साचू लागताच कर्कश आवाज करून झोपलेल्यांना उठवणारे, छताला बसवायचे छोटे उपकरण. घरगुती यंत्राचा आवाज साधारणपणे तीन मीटरवर ८५ डेसिबल असतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याचा रोख मुख्यतः उंच इमारती, रुग्णालये, कारखाने अशा वास्तूंवर आहे, नांदूरघाटसारख्या (ता. केज, जि. बीड) गावातल्या बैठ्या घराला असे यंत्र लावण्याची सक्ती नाही. गरज मात्र तिथेही आहे. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत अनेक घरांत राहत्या खोलीतच रचून ठेवतात. कापसाला लागलेली आग ज्वाळा न दिसता कितीतरी वेळ आतल्या आत धुमसते, आणि तोवर धुरानेच माणूस गुदमरतो.

यंत्राचे मुख्य प्रकार दोन. आयनीकरण प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अतिसूक्ष्म कण असतो. त्याच्या किरणांमुळे दोन पट्ट्यांमधील हवेतून क्षीण वीजप्रवाह वाहतो आणि धुराचे कण शिरले की तो घटतो. भडकलेली आग हा प्रकार लवकर ओळखतो. प्रकाशविद्युत प्रकारात आतल्या अंधाऱ्या कप्प्यात प्रकाशकिरण सोडलेला असतो. धुरावरून विखुरलेला प्रकाश संवेदकावर पडला की भोंगा वाजतो. धुमसत्या आगीचा दाट धूर हा प्रकार आधी पकडतो. कापूस, गोधड्या, गाद्या असलेल्या घरासाठी म्हणून प्रकाशविद्युत यंत्रच घ्यावे. त्यात किरणोत्सारी द्रव्य नसल्याने पुढे विल्हेवाटीचा मोठा प्रश्नही उरत नाही.

यंत्र झोपण्याच्या खोलीत छताच्या मध्याजवळ, पंख्याच्या झोतापासून दूर बसवतात. चुलीच्या किंवा देवघराच्या जवळ लावले तर फोडणी, धूप यांनीही ते वाजते, आणि वारंवार वाजणाऱ्या यंत्राची बॅटरी लोक काढून ठेवतात. मग ते असून नसल्यासारखे. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारे यंत्र योग्य. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर साचतो व धूर वरपर्यंत पोचत नाही, शिवाय बरीच यंत्रे सुमारे ३८ अंश सेल्सिअसपर्यंतच्या जागेसाठी बनवलेली असतात. तिथे ते पत्र्याला न चिकटवता थोडे खाली टांगावे आणि घेतानाच तापमानाची मर्यादा वाचावी. ऊसतोडीच्या हंगामात कामकरी माणसे बाहेरगावी गेली की घरात मागे राहतात ती बहुतेक म्हातारी माणसे. वाढत्या वयात उंच पट्टीचा आवाज ऐकू येईनासा होतो. अशा घरी सुमारे ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीचा भोंगा अधिक उपयोगी पडतो.

महिन्यातून एकदा बटण दाबून चाचणी घ्यावी आणि जाळीवरची धूळ, कोळिष्टके काढावीत. साधी बॅटरी वर्षाला बदलतात. अधूनमधून येणारी ‘टिक’ ही ती संपत आल्याची खूण. यंत्राचे आयुष्य सुमारे १० वर्षे, ते पाठीवर छापलेल्या निर्मितीच्या तारखेपासून मोजायचे. त्यानंतर चाचणीत भोंगा वाजला तरी यंत्र बदलावे, कारण बटणाने भोंगा व वीज तपासली जाते, संवेदकाची झीज नेहमीच कळत नाही.

जुने प्रकाशविद्युत यंत्र म्हणजे ई-कचरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरी आधी काढून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावावी व ती वेगळी द्यावी; लिथियम बॅटरी पेटत्या कचऱ्यात फुटते. आयनीकरण यंत्राच्या पाठीवर किरणोत्साराचे तीन पात्यांचे चिन्ह किंवा अमेरिशियमचा उल्लेख असतो. अखंड यंत्रापासून घरातल्यांना धोका नाही, कारण त्याचे अल्फा किरण कागदही ओलांडत नाहीत. फोडल्यावर किंवा जाळल्यावर तो कण श्वासातून वा अन्नातून शरीरात गेला तर मात्र अपाय होतो. अमेरिशियम-२४१ चा अर्धायुकाल सुमारे ४३२ वर्षे आहे, तेव्हा उकिरड्यात पुरूनही ते संपत नाही. भारतात अशा किरणोत्सारी स्रोतांवर अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियंत्रण असते. असे यंत्र न उघडता पुरवठादाराकडे किंवा उत्पादकाकडेच परत करावे, भंगारवाल्याला कधीही देऊ नये.