शैवाल गमावलेले फोरॅमिनिफेरा : फ्लोरिडा कीजमधील विरंजन

फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय सागरी जीव असून त्यांच्या अनेक जाती चुन्याचे कवच बांधतात. गीझाच्या पिरॅमिडांच्या चुनखडीत दिसणारी नाण्यांसारखी कवचे त्यांच्याच एका प्राचीन गटाची आहेत.

अमेरिकेतील फ्लोरिडा कीजच्या प्रवाळभित्तींवर ‘अँफिस्टेजिना गिबोसा’ ही जाती आढळते. तिचा आकार मोहरीच्या दाण्याहून मोठा नसतो. तिच्या पेशीत डायाटम वर्गातील सूक्ष्म शैवाल राहते व त्यामुळे तिला सोनेरी-तपकिरी रंग येतो. शैवाल प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते, तर यजमान त्याला आश्रय व पोषकद्रव्ये पुरवतो. अलैंगिक प्रजननाच्या वेळी जनक जीव आपले सारे पेशीद्रव्य शैवालासह शेकडो पिलांना वाटून देतो. मागे केवळ रिकामे कवच उरते.

१९९१ च्या उन्हाळ्यात साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या पामेला हॅलक यांना या जीवांवर पांढरे डाग आढळले. शैवाल नष्ट होऊन रंग जाण्याच्या या विकाराला विरंजन म्हणतात. त्याचे परिणाम रंगापुरते मर्यादित नसतात. अन्नाचा पुरवठा तुटल्याने वाढ खुंटते, पेशीद्रव्याचा ऱ्हास होतो, कवच ठिसूळ व वेडेवाकडे बनते. त्यावर इतर जीव वस्ती करतात आणि भक्षकांचे फावते. प्रजननही बिघडते : पिलांची संख्या घटते, काही विकृत निपजतात. १९९१ नंतर कीजमधील या जातीची संख्या झपाट्याने रोडावली.

प्रवाळांचे विरंजन सामान्यतः उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी सर्वाधिक तापलेले असताना, शिगेला पोहोचते. अँफिस्टेजिनाचे विरंजन मात्र जूनमधील दीर्घतम दिवसाच्या सुमारास वाढते. म्हणून तापमानाबरोबरच प्रखर प्रकाश, विशेषतः निळे व अतिनील किरण, हेही कारण मानले जाते. अतिप्रकाशात शैवालाची प्रकाशसंश्लेषण यंत्रणा कोलमडते व घातक ऑक्सिजन-संयुगे यजमानाच्या पेशीत साचतात.

प्रवाळभित्तीच्या वाळूत या कवचांचा मोठा वाटा असतो. शिवाय त्यांचे आयुष्य अल्प असल्याने पर्यावरणातील बदल त्यांच्यात लवकर उमटतात. याच आधारावर हॅलक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘फोरॅम निर्देशांक’ मांडला. तो ४ हून अधिक असल्यास तेथील पाणी प्रवाळवाढीस अनुकूल, तर २ हून कमी असल्यास प्रतिकूल समजले जाते. मेलेली भित्ती पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात. त्यामुळे हा पूर्वसंकेत वेळीच वाचणे अगत्याचे ठरते.