एका गावात चार धर्म: तुर्फानचा इतिहास आणि 'मूळचे कोण?' हा प्रश्न

पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा.

'रेशीम मार्ग' हे नाव आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर चीनपासून रोमपर्यंतचा एक सरळ रस्ता येतो. असा एक रस्ता कधी नव्हताच. हे नावसुद्धा १८७७च्या सुमाराला रिख्तहोफेन नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने रूढ केलं. खरं चित्र वेगळं होतं. मध्ये तक्लामकानचं वाळवंट, त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला पाण्याच्या आधाराने वसलेली गावं: काशगर, खोतान, कुचा, तुर्फान. एका गावचा माल पुढच्या गावात जायचा, तिथे हात बदलायचा, मग पुढे. आपल्याकडे आठवडी बाजारातून माल फिरतो ना, तसंच.

या वाटेवरचे सगळ्यात पक्के व्यापारी म्हणजे सोग्द लोक. समरकंद हे त्यांचं मोठं शहर. भाषा इराणी कुळातली, धर्म बहुतेकांचा अग्निपूजकांचा. चीनमध्ये त्यांच्या तांड्याच्या म्होरक्याला 'साबाओ' म्हणत. अभ्यासकांच्या मते या शब्दाचं मूळ आपल्या 'सार्थवाह'मध्ये आहे. माल एकीकडून दुसरीकडे गेला तसे शब्दही गेले.

पण या व्यापाराचं नुसतं कौतुक करून भागणार नाही. १९०७मध्ये दुनहुआंगजवळच्या एका पडक्या बुरुजात सोग्द भाषेतली पत्रं सापडली. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची. त्यातली दोन मिवनाय नावाच्या बाईची आहेत. नवरा तिला आणि मुलीला परक्या गावात सोडून गेलेला, पैसे संपलेले, मदत मागून थकलेली. नवऱ्याला लिहिलेल्या पत्रातला तिचा संताप आजही वाचवत नाही. आणि तुर्फानला ६३९ सालचा एक करार सापडलाय, एका मुलीच्या विक्रीचा. किंमत चांदीची १२० नाणी. रेशमाच्या वाटेवर माणसंही विकली जात होती.

आता धर्माकडे येऊ.

चिनी भिक्षू ह्युएन त्संग ६२९च्या सुमारास भारताकडे निघाला तेव्हा वाटेत तुर्फानला थांबला. तिथला बौद्ध राजा त्याच्यावर इतका खूश झाला की सोडायलाच तयार होईना. शेवटी भिक्षूने अन्नपाणी सोडलं, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. हाच माणूस पुढे पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात आला आणि इथल्या लोकांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून गेला. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलाय तो हाच.

त्या तुर्फानच्या परिसरात बौद्ध विहार होते, अग्निपूजक सोग्द होते, ख्रिस्ती मठ होता आणि इराकमध्ये जन्मलेल्या मानीचा पंथही होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन मोहिमांनी तिथून हस्तलिखितं नेली, त्यात वीसच्या आसपास भाषा आणि लिप्या निघाल्या. दक्षिणेकडच्या निया गावात तर प्राकृत भाषेतले सरकारी कागद लाकडी पाट्यांवर लिहिलेले सापडले. मराठी ज्या प्राकृत घराण्यातून आली, त्याच घराण्यातली ती भाषा.

उइगुर लोकांचंच उदाहरण घ्या. आधी ते मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात होते. त्यांच्या बोगू खानाने ७६२-६३च्या सुमारास सोग्द लोकांच्या प्रभावाखाली मानीचा धर्म स्वीकारला. ८४०मध्ये किर्गिझांनी त्यांचं राज्य मोडलं, तेव्हा त्यांच्यातले बरेच जण तुर्फानकडे आले. तिथे हळूहळू बौद्ध झाले, काही ख्रिस्ती झाले. पश्चिमेला काशगरकडे दहाव्या शतकात काराखानी राजांनी इस्लाम स्वीकारला होता. तो तुर्फानपर्यंत पूर्णपणे पोचायला साधारण पंधरावं शतक उजाडलं. आणि हे सगळं शांततेत झालं असंही नाही. बौद्ध खोतान अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लढाईनेच पडलं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, 'बघा, किती छान सरमिसळ!' थांबा. खरा मुद्दा पुढे आहे.

जुलै २०१९मध्ये चीन सरकारने शिनजियांगच्या इतिहासावर एक श्वेतपत्रिका काढली. त्यात म्हटलं की इस्लाम हा उइगुरांचा मूळ धर्म नाही आणि एकमेव धर्मही नाही. आता वर लिहिलेलं सगळं पाहिलं तर हे वाक्य चूक आहे का? नाही. पण ते कधी म्हटलं गेलं ते बघा. त्याच काळात तिथले लाखो मुस्लिम छावण्यांमध्ये डांबले जात असल्याचे अहवाल जगभर येत होते. ऑगस्ट २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने म्हटलं की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. चीनने अर्थातच ते फेटाळलं.

म्हणजे खरा इतिहास सांगूनही माणसावर अन्याय करता येतो. 'तुमचे पूर्वज वेगळे होते' हे वाक्य खरं असलं तरी त्यातून 'म्हणून तुमची आजची प्रार्थना बंद' असं निघत नाही. पूर्वज सगळ्यांचेच वेगळे होते. तुर्फानमध्ये बौद्धांच्याही आधी कुणीतरी होतंच की. मागे किती जायचं आणि कुठे थांबायचं, हे नेहमी ज्याच्या हातात काठी असते तोच ठरवतो.

म्हणून 'मूळचे कोण?' असं कुणी जोरात विचारायला लागलं, मग तो तिकडचा असो की इकडचा, तर उत्तर शोधायच्या आधी एवढंच बघा: हा प्रश्न कोण विचारतोय, आणि उत्तर मिळाल्यावर तो कुणाचं काय काढून घेणार आहे?

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नाही तर खाली लिहा, वाद घालू. फक्त भाषा नीट ठेवा.