मालवणचा समुद्र कोणाला विचारून?

मालवणच्या किनाऱ्यावर दांडी भागात एक खडक आहे. मोरयाचा धोंडा. त्याच्यावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी इथेच पूजा केली आणि समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय.

त्याच गोष्टीतला एक तुकडा मात्र आपण पटकन विसरतो. बखरीतून आलेली हकिकत अशी, की ही जागा ज्या चार कोळ्यांनी शोधून दाखवली, त्यांना गावं इनाम दिली गेली. म्हणजे या समुद्रातल्या पहिल्या मोठ्या सरकारी प्रकल्पाची जागा दाखवली ती इथल्याच दर्यावर्दी माणसांनी, आणि त्याची किंमत राजाने ओळखली.

किल्ल्यावर होडीने जाताना नीट बघा. होडी सरळ जात नाही, वळणं घेत जाते. पाण्याखाली खडक पसरलेत. ते कुठे उघडे पडतात, कुठे बुडतात, हे ज्याची होडी तिथे रोज फिरते त्यालाच कळतं. परक्या जहाजाला ही वाट सापडणं कठीण आणि इथल्या माणसाला ती पाठ, हेच या किल्ल्याचं खरं बळ. शिवाय खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. हिरोजी इंदुलकरांनी तीनेक वर्षांत तट उभा केला. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, नाव बदलून 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं. पुढच्याच वर्षी तो करवीरकरांकडे परत आला. १८१२ मध्ये मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. राज्यं बदलली, तट मात्र साडेतीनशेहून जास्त पावसाळे खाऊन उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यात हा आहे.

आता १९८७ कडे या. त्या वर्षी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. २९.१२ चौरस किलोमीटर. किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी त्याचा गाभा. कारण योग्यच होतं, इथे प्रवाळ आहेत, माशांची पैदास आहे. पण ज्यांची जाळी त्याच पाण्यात पडत होती त्यांना विश्वासात घेतलं नाही, ही मच्छीमारांची तक्रार पहिल्या दिवसापासून होती. पुढची कित्येक वर्षं मोर्चे, निवेदनं आणि विरोध.

यावर कोणी म्हणेल, मच्छीमारांना नियमच नको असतात. साफ चुकीचं. रापणीचं बघा. अख्खी वाडी मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढते आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रिवाजाने पडतात. याच पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीन नेटवर बंधनं घाला म्हणून वर्षानुवर्षं आंदोलन केलं. केसेस अंगावर घेतल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये शासनाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत दिली, त्यामागे हाच रेटा होता. अंमलबजावणी किती होते, हा वेगळा विषय. पण समुद्र वाचवा ही मागणी मुळात होडीतूनच आली होती.

मग राजकोट. ४ डिसेंबर २०२३, नौदल दिन. महाराजांच्या पुतळ्याचं पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण. २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. वाऱ्याचं कारण पुढे आलं. अहो, श्रावणात मालवणला वारा असतो हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे! आता तिथे नवा, जास्त उंच पुतळा उभा आहे. पण समोर सिंधुदुर्गाचा तट दिसत असताना ती पडझड बघणं, हे इथल्या माणसाला फार लागलं होतं.

या सगळ्यात आपली नगरपरिषद कुठे होती? खरं सांगायचं तर तिला जागाच नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, बंदर मेरीटाईम बोर्डाचं, अभयारण्य वनखात्याचं, मासेमारी मत्स्य विभागाची. नगरपरिषदेकडे कचरा, गटारं आणि पर्यटकांच्या गाड्यांचं पार्किंग.

गंमत बघा. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना विषयांची यादी दिली. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 'मत्स्यव्यवसाय' हा विषय आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत तो नाही! म्हणजे शेजारच्या तारकर्ली-देवबागच्या पंचायतीला निदान कागदावर मासळीबद्दल बोलता येतं, आणि मालवण शहराला तेही नाही. त्यात राजकोटचा पुतळा उभा राहिला आणि पडला, तेव्हा राज्यातल्या इतर नगरपरिषदांसारखाच इथे प्रशासक होता. विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीने ती अडचण संपली. पुढे बरंच काही येऊ घातलंय. नौदलाची निवृत्त 'गुलदार' युद्धनौका निवती रॉक्सजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. अशा कामांना माझा विरोध नाही. पर्यटनावर इथली कित्येक घरं चालतात, स्कूबाच्या होड्यांवर मच्छीमारांचीच मुलं आहेत.

मागणी एवढीच. समुद्रातला कुठलाही प्रकल्प आला की तो नगरपरिषदेच्या सभेत चर्चेला घ्या. रापणवाले, न्हय-गिलनेटवाले, होडीवाले यांना बोलवा. काय होणार, कधी होणार, कोणाच्या जाळ्याची जागा जाणार, हे मराठीत लिहून नगरपरिषदेच्या फलकावर लावा. बाराव्या अनुसूचीत पर्यावरण रक्षण आणि सांस्कृतिक बाबी हे विषय आहेत. ठराव करायला तेवढा आधार पुरे. ठरावाने खातं बांधलं जाणार नाही, पण आम्हाला कोणी सांगितलंच नाही, हे वाक्य तरी बंद होईल.

नारळी पौर्णिमेला अख्खं मालवण बंदरावर जमतं. दर्याला नारळ देऊन, शांत हो म्हणून हात जोडतं. आपण दर्यालाही विचारून होडी लोटतो. मग दर्यावर जगणाऱ्याला विचारायला कसली लाज?