सूर्याच्या कडेपर्यंतची नोंद

१७ सप्टेंबर १८८२ रोजी केप ऑफ गुड होपच्या रॉयल वेधशाळेत विल्यम फिनले आणि विल्यम एल्किन भर दिवसा एका धूमकेतूचा पाठलाग करत होते. दोघांच्या दुर्बिणी वेगळ्या आणि नोंदीही वेगळ्या. फिनलेने हा धूमकेतू ८ तारखेच्या पहाटेच पाहिला होता. आता तो सूर्यबिंबाला जवळजवळ टेकला होता. स्थानिक वेळेनुसार दुपारी ४ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास, सूर्याच्या थरथरत्या कडेपाशी तो दिसेनासा झाला. दोघांच्या वेळांत फरक पडला तो केवळ काही सेकंदांचा.

इंग्लंडमध्ये ईलिंगला एन्स्ली कॉमन यांनाही त्याच दिवशी सकाळी तो सूर्याशेजारी दिसला होता. मात्र तिथे ढग आडवे आले. शेवटच्या क्षणांचा भरवशाचा पुरावा त्यामुळे केपचाच उरतो.

या पुराव्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती न दिसल्याची नोंद. कडेपाशी धूमकेतू नाहीसा झाल्यावर सूर्यबिंबावर त्याची काहीच खूण आढळली नाही. तो सूर्याच्या पुढून गेला की मागून, हे नुसत्या डोळ्यांनी ठरण्यासारखे नव्हते. कक्षेचे गणित झाले तेव्हा कळले की त्या वेळी तो सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे होता, म्हणजे हे अधिक्रमण होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला शुक्राचे अधिक्रमण झाले, तेव्हा शुक्र काळ्या ठिपक्यासारखा स्वच्छ दिसला. धूमकेतूचा ठिपका मात्र उमटलाच नाही. सूर्याच्या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. दुपारच्या खळबळत्या हवेत काही विकलांचा डागही हरवू शकतो, म्हणून या नोंदीवरून केंद्रकाचा नेमका आकार काढणे धाडसाचे होईल. पण भर दिवसा सूर्याशेजारी तळपणाऱ्या या धूमकेतूत शुक्रासारखा मोठा, घन गोळा नव्हता आणि त्याभोवतीचे तेजस्वी आवरण अत्यंत विरळ होते, एवढे त्यावरून ठामपणे म्हणता येते. दिसले नाही म्हणून निरीक्षकांनी ते लिहायचे टाळले असते, तर आपण या निष्कर्षाला मुकलो असतो.

कडेपाशी अदृश्य झाल्यानंतर दोन तासांच्या आत धूमकेतूने उपसूर्यबिंदू गाठला. सूर्याच्या पृष्ठभागापासून तो जेमतेम साडेचार लाख किलोमीटरवर होता. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले की या जवळिकीचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडच्या डन एक्ट वेधशाळेत कोपलंड आणि लोझे यांनी दिवसाउजेडीच त्याचा वर्णपट तपासला. त्यात सोडियमच्या आणि लोहाच्याही तेजस्वी रेषा दिसल्या. धूमकेतूतले खनिज पदार्थ तापून वायुरूप झाल्याचा हा पुरावा. सोडियमच्या रेषा तांबड्या बाजूकडे सरकलेल्या होत्या, म्हणजे धूमकेतू आपल्यापासून दूर धावत होता.

पुढच्या आठवड्यांत त्याचे केंद्रक लांबट होऊन त्याचे तुकडे पडलेले दिसू लागले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केपचे राजज्योतिषी डेव्हिड गिल यांनी एका स्थानिक छायाचित्रकाराचा कॅमेरा दुर्बिणीला बांधून त्याची छायाचित्रे घेतली. त्यांत धूमकेतूइतकेच तारेही स्पष्ट उमटले, आणि छायाचित्रांवरून दक्षिण आकाशाची तारकासूची करण्याचा गिल यांचा प्रकल्प तिथून सुरू झाला.

फिनले-एल्किन यांच्या वेळांचा खरा उपयोग मात्र कीलच्या हाइनरिख क्रॉइट्झ यांच्या गणितात झाला. उपसूर्यबिंदूपूर्वीची आणि नंतरची निरीक्षणे एकाच कक्षेत बसली. सूर्याच्या प्रभामंडलातून जाऊनही धूमकेतूच्या गतीला जाणवण्याजोगा अडथळा झालेला नव्हता. तुकड्यांचे परिभ्रमणकाळ शतकांच्या फरकाने वेगवेगळे निघाले. १८४३, १८८० आणि १८८२ यांच्या धूमकेतूंच्या कक्षा इतक्या सारख्या होत्या, की ते एकाच मूळ धूमकेतूचे तुकडे असावेत, असे क्रॉइट्झ यांनी मांडले. १९६७ मध्ये ब्रायन मार्सडेन यांनी कक्षा मागे नेऊन दाखवले, की १८८२चा धूमकेतू आणि १९६५चा इकेया-सेकी हे बाराव्या शतकाच्या आरंभी बहुधा एकच होते.