मदतीची रीत आणि मदतनिसांची भांडणे

जालना जिल्ह्यातल्या वाटूर फाट्यावर एखाद्या परक्या माणसाने गाडी थांबवून आडगावाची वाट विचारली, तर काय होईल? टपरीवरचे चारजण एकदम बोलू लागतील. एकजण परतूरकडचा रस्ता सांगेल, दुसरा मंठ्याकडचा. मग त्या दोघांचीच जुंपेल आणि विचारणारा बाजूला राहील! गंमत अशी, की रस्ता सांगण्याबद्दल कुणालाच दमडी मिळणार नसते. मग भांडण कशाचे?

संगणकाच्या जगात हाच प्रकार गेली चार दशके चालू आहे. अडलेल्याला फुकट मदत करणाऱ्यांचे तिथे मोठे समुदाय उभे राहिले आणि त्यांच्या भांडणांतूनच मदतीचे शिष्टाचार घडत गेले. शिक्षकांनी हा इतिहास पाहावा असे आम्हांला वाटते, कारण शंका आणि समाधान हा तर आपला रोजचाच व्यवहार.

सुरुवात अमेरिकेत झाली. 1979 साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी 'यूझनेट'ची कल्पना मांडली. एका विद्यापीठाचा संगणक दुसऱ्याला टेलिफोन लावी आणि साठलेले संदेश पुढे पाठवी. इथे प्रश्न टाकला, की दूरच्या कुणा जाणकाराचे उत्तर येई. उत्तर देणाऱ्याला पगार नव्हता. त्याची कमाई म्हणजे जाणकारांत मिळणारा मान आणि कोडे सुटल्याचा आनंद.

पहिली अडचण लवकरच आली. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. मग थट्टा कोणती आणि खरे कोणते, हे ओळखायचे कसे? 1982 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात एक कोडे निघाले : मोकळेपणी खाली पडणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याचा थेंब असेल तर त्याचे काय होईल? त्यावरून कुणीतरी गमतीने लिहिले, की लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना ते खरेच वाटले! तेव्हा स्कॉट फालमन यांनी 19 सप्टेंबर 1982 रोजी सुचवले, की थट्टेच्या मजकुरापुढे विसर्गचिन्ह, आडवी रेघ आणि कंस काढावा. आडवा हसरा चेहरा जन्माला आला तो असा.

दुसरी अडचण आपल्या चांगल्या ओळखीची आहे : तोच तोच प्रश्न. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि गेल्या वर्षीचेच प्रश्न विचारत. यावर उपाय म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहून ती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा प्रसिद्ध करण्याची प्रथा पडली. 1993 नंतर मात्र घरोघरचे ग्राहक येऊ लागले आणि नवागतांची रीघ थांबेनाच. जुने लोक म्हणू लागले, 'हा सप्टेंबर काही संपत नाही!'

इथे मदतनिसांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, 'आमचा वेळ फुकटचा असला तरी अमर्याद नाही. आधी माहितीपुस्तिका वाचा, मग विचारा.' दुसरा म्हणे, 'कोणते पान वाचायचे हे कळले असते, तर तो विचारायला आलाच नसता.' दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आम्ही संशोधनाला नवे होतो तेव्हा संगणकाविषयी असाच एक प्रश्न विचारला होता. पहिले उत्तर एका ओळीचे आले : पुस्तिका वाचा. दुसऱ्याने नेमके प्रकरण सांगितले. मग त्या दोघांचीच जुंपली. आमचे काम दुसऱ्याच्या उत्तराने झाले. पण पहिल्या उत्तरानंतर पुढे कित्येक महिने आम्ही काही विचारलेच नाही.

ऑक्टोबर 1995 मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी संकलित केलेली शिष्टाचारांची संहिता प्रसिद्ध झाली. राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबवून ठेवावे, हा तिच्यातला एक साधा नियम. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याआधी 1986 मध्ये सुरू झालेले 'अर्नेट'चे जाळे होते. त्यात पवईची आयआयटी आणि मुंबईचेच राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा समावेश होता. पण ते मुख्यतः संशोधन व शिक्षण संस्थांपुरते होते.

मराठीत हा प्रयोग 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात पाहायला मिळतो. त्या काळात अनेक संगणकांवर देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसत. विंडोज एक्सपीमध्येही भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम चालू करावी लागे. त्यामुळे नवागताची पहिली शंका लेखाबद्दल नसे, तर मराठी टंकायचे कसे, ही असे. विचारपूस आणि चर्चा जिथे चालते त्या पानाला इथे नाव मिळाले 'चावडी'. सदस्यांचे मत घ्यायचे तर 'कौल' लावायचा. गावगाड्यातले हे शब्द नव्या कामाला अगदी चपखल बसले.

भांडणे चावडीवरही होतातच : शुद्धलेखनावरून, पारिभाषिक शब्दांवरून. परंतु तिथे प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो. कुणी काय खोडले, कुणी काय लिहिले, हे सर्वांना दिसते. वाद चर्चा पानावर मांडायचा, खाली सही करायची आणि समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरायचे, असा रिवाज आहे.

म्हणून प्रश्न सुटला असे मात्र नाही. 2008 साली सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रश्नोत्तर-स्थळाने, आपण नवागतांचे नीट स्वागत करत नाही, अशी जाहीर कबुली 2018 मध्ये दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर भाषेबद्दल माफी मागितली आणि काही काळ काम बाजूला ठेवले. लिनक्सने नवी आचारसंहिताही स्वीकारली.

या सगळ्यात ज्ञान कमी पडले, असे क्वचितच झाले. कमी पडला तो धीर. आपण वर्गात दरवर्षी तेच धडे शिकवतो. दिवसा चंद्र कसा दिसतो, हा प्रश्न आपण विसाव्यांदा ऐकत असतो. मूल मात्र तो पहिल्यांदाच विचारत असते. नेहमीच्या शंकांची एक वही वर्गात ठेवून पाहावी. उत्तरे मुलांनीच लिहावीत, चुकल्यास दुसऱ्यांनी खाली सही करून दुरुस्त करावीत. आणि 'पुस्तकात बघ' असे म्हणावेसे वाटले, तर जोडीला पानाचा आकडाही सांगावा.