बर्ड फ्लू माणसाला झाला तर कळतं कसं? गावच्या खुराड्यापासून पुण्याच्या लॅबपर्यंतची सगळी माहिती

जालना : कुठं कोंबड्या मेल्याची बातमी आली की मोबाईलवर पहिला मेसेज फिरतो तो 'चिकन खाऊ नका' हा. दोन दिवसांत भाव पडतो, आठ दिवसांत लोक विसरून जातात. पण खरा प्रश्न कोणी विचारत नाही. हा रोग एखाद्या माणसाला झाला, तर तो कळणार कसा? त्याचा शोध कोण घेतं आणि त्यात आपलं गावकऱ्यांचं काम काय? आपल्या आठही तालुक्यांत घरोघरी दहा-वीस गावरान कोंबड्या असतात, शेडही वाढलेत. म्हणून ही माहिती सगळ्यांनी एकदा वाचून ठेवावी.

हा रोग आपल्याकडे कधी आला?

भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्या वेळी शेडवर काम करणाऱ्या आणि तापाने आजारी असलेल्या लोकांचे नमुने पुण्याला तपासले गेले. एकालाही लागण निघाली नाही.

नंतर जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, मुरुंबा गावात ८०० हून जास्त कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. परतूर-मंठ्याच्या लोकांना ते काही लांब नाही. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मरून पडले, त्यांच्यातही हाच विषाणू सापडला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या या रोगाने गेले. म्हणजे हा विषाणू पक्ष्यातून जनावरात जातो, हे आपल्या राज्यातच दिसलं.

हिवाळ्यात नाथसागरावर परदेशी पक्षी येतात. रानबदकं आणि पाणपक्षी हे या विषाणूचं मूळ घर. ते स्वतः फारसे आजारी न पडता त्यांच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात येऊ शकतो. गोदाकाठच्या अंबड, घनसावंगी भागात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या-बदकांवर थंडीत जास्त लक्ष ठेवायचं ते यासाठी.

माणसाला खरंच होतो का?

होतो, पण फार क्वचित. एच५एन१, एच९एन२ अशी या विषाणूंची नावं असतात. एच आणि एन म्हणजे विषाणूच्या अंगावरची दोन प्रथिनं, आणि आकडा म्हणजे त्यांचा प्रकार. एच५एन१ कोंबडीला मारतो आणि माणसालाही घातक ठरू शकतो. एच९एन२ कोंबड्यांत गुपचूप फिरतो, माणसाला झाला तर बहुतेक वेळा साध्या सर्दी-तापावर भागतं.

माणसाला एच५एन१ झाल्याचं जगात पहिल्यांदा १९९७ मध्ये हाँगकाँगला दिसलं. १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. २००३ पासून जगभरात ९०० हून जास्त लोकांना एच५एन१ झाल्याची नोंद आहे आणि त्यातले जवळपास निम्मे गेले. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हलका ताप येऊन बरे झालेले लोक तपासायला जातच नाहीत, ते या आकड्यात नाहीत. म्हणून खरं मृत्यूचं प्रमाण याहून कमी असू शकतं. ते नक्की कळण्यासाठीच शोध नीट घ्यावा लागतो.

आपल्या देशातल्या काही नोंदी अशा :

- २०१९, मेळघाट : अमरावती जिल्ह्यातल्या एका १७ महिन्यांच्या मुलाला एच९एन२ झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने शोधलं. भारतात माणसात हा प्रकार सापडण्याची ही पहिली वेळ.
- २०२१, दिल्ली : हरियाणातल्या एका मुलाचा जुलैमध्ये एम्समध्ये मृत्यू झाला. त्याला रक्ताचा कर्करोगही होता. एच५एन१ ने माणूस गेल्याची देशातली पहिली नोंद हीच. त्याच्या संपर्कातल्या लोकांवर लक्ष ठेवलं, पण रोग पुढं पसरला नाही.
- २०२४, पश्चिम बंगाल : चार वर्षांच्या मुलाला एच९एन२ झाला. उपचारानंतर तो घरी गेला.
- २०२५, आंध्र प्रदेश : दोन वर्षांच्या मुलीचा मार्चमध्ये एच५एन१ ने मृत्यू झाला. तिला कच्चं चिकन खायला दिल्याचं समोर आलं.

चारही नोंदींत लहान लेकरंच आहेत. खुराड्याजवळ लेकरं खेळतात, पिल्लं उचलून घेतात, तेच हात तोंडात घालतात. आपल्या प्रत्येक वाड्या-वस्तीवर हेच चित्र आहे.

मेळघाटातून शिकायचं ते काय?

मेळघाटातल्या मुलाला बर्ड फ्लू असेल असा संशय कोणालाच नव्हता. तिथं लहान मुलांच्या श्वसनाच्या आजारांचा अभ्यास चालू होता. ताप-खोकला असलेल्या मुलांचे नमुने गावातूनच घेतले जात होते, त्यातला एक वेगळा निघाला. म्हणजे दवाखान्यात कोणी येईल याची वाट बघत बसले असते, तर ही लागण कधीच समजली नसती. पाळत गावापासून सुरू व्हायला लागते, ती ही अशी.

शोध कसा घेतात? पायरी-पायरीने

१. पक्ष्यांची मर : एकदम कोंबड्या मेल्या की पशुवैद्यकीय अधिकारी नमुने घेतात. ते पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. शेवटचा निकाल भोपाळचा.

२. गावाला वेढा : निकाल आला की साधारण १ किलोमीटरचा परिसर बाधित धरून कोंबड्या नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात.

३. घरोघरी विचारपूस : आशाताई आणि आरोग्य कर्मचारी घरोघरी फिरून ताप, खोकला, दम कोणाला आहे ते लिहून घेतात. कोंबड्या नष्ट करणाऱ्या पथकाला प्रतिबंधक गोळ्या देतात आणि १० दिवस त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवतात.

४. घशा-नाकाचा स्वॅब : संशयिताचा स्वॅब कोरोनात घेत होते तसाच घेतात. तो थंड डब्यातून लॅबला जातो.

५. लॅबमधली चाळणी : आधी बघतात, फ्लू 'ए' गटातला आहे का. असेल तर नेहमीचा माणसांचा फ्लू, म्हणजे एच१ किंवा एच३ आहे का. 'ए' निघाला पण या दोन्हींत बसला नाही, तर धोक्याची घंटा. असा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पक्क्या तपासणीला जातो.

६. जगाला खबर : माणसात नवा फ्लू पक्का झाला की २४ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावं लागतं. विषाणूच्या जनुकांचीही तपासणी होते. तो माणसाकडून माणसाकडे पसरण्याच्या दिशेने बदलतोय का, हे त्यातून समजतं.

ही शेवटची गोष्टच सगळ्यात महत्त्वाची. आजवर हा रोग माणसाकडून माणसाकडे सलग पसरलेला नाही. पण एकाच माणसाच्या अंगात साधा फ्लू आणि बर्ड फ्लू एकत्र आले तर दोघांची सरमिसळ होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. ती वेळ आलीच तर पहिल्या दिवशी कळावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

साखळी तुटते कुठं?

तुटते ती पहिल्याच कडीला. कोंबड्या मेल्या की माणूस गुपचूप नाल्यात टाकतो. खबर दिली तर सगळ्याच मारतील ही भीती असते. भीती खोटी नाही. २०२१ मध्ये भरपाईचा दर मोठ्या अंड्यावरच्या कोंबडीला ९० रुपये, मोठ्या ब्रॉयलरला ७० रुपये आणि अंड्याला ३ रुपये होता. गावरान कोंबडीचा बाजारभाव बघितला तर ही रक्कम तुटपुंजीच. दर वाढायला पाहिजे ही पशुपालकांची मागणी रास्त आहे.

पण एक हिशेब समजून घ्या. भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधी मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे जितका उशीर, तितका तोटा आपलाच. शिवाय २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा साथीच्या रोगाचा संशय आला की मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणं बंधनकारक आहे.

दरवेळी बर्ड फ्लूच असतो असंही नाही. बऱ्याच वेळा मानमोडी असते. पण दोन्हींत कोंबड्या सारख्याच पटापट मरतात, बघून फरक सांगता येत नाही. तो लॅबच सांगते.

आपण काय करायचं?

- दोन-चार दिवसांत बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा कावळे, बगळे मरून पडलेले दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा.
- मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. कुत्र्या-मांजरापुढं टाकू नका. विहिरीत, नाल्यात फेकू नका.
- मरायला टेकलेली कोंबडी कापून खाऊ नका, स्वस्तात विकूही नका. कापताना, पिसं काढतानाच धोका जास्त असतो.
- चिकन, अंडी नीट शिजवून खा. ७० अंशांवर सगळीकडून शिजलं की विषाणू मरतो. आपल्या रश्श्याला उकळी फुटते ती त्याच्या कितीतरी वर. अर्धकच्चं अंडं मात्र टाळा.
- आजारी कोंबड्यांजवळ गेल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला, दम लागला किंवा डोळे लाल झाले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. "माझ्याकडे कोंबड्या मेल्यात, मी हात लावला होता" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. गर्दीत डॉक्टरांना ते विचारायचं सुचेलच असं नाही, आणि ते कळल्याशिवाय स्वॅब निघत नाही.
- यावर ओसेलटामिविर नावाचं औषध आहे. ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. गोळी मनाने घेऊ नका, डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्या.

पुण्याची लॅब कितीही मोठी असली तरी तिला आपल्या शिवारातलं खुराडं दिसत नाही. ते आपल्यालाच दिसतं. म्हणून कोंबड्यांची मर दिसली की ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी १९६२ ला फोन लावा.